रंग की मार

आरसेवाली घासतच होती. धाकटीच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं काहीतरी होतं, त्यावरून ओलं फडकं पुन्हा पुन्हा फिरत होतं आणि रंग काही निघत नव्हता. आरसेवाली करवादली, किती वेळा सांगायचं, काजळ-बिजळ लावून यायचं नाही म्हणून, आणि तिने आणखी जोर लावला. धाकटी दोन्ही हात बाजूला सोडून उभी होती. तिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं.

रांगेत मी तिच्या मागेच होते. धाकटी माझी सख्खी बहीण. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती, तिच्या वेण्या मी घातल्यात, तिला हिंडतं-फिरतं मी केलंय. आणि माझा राग तर कारखान्याच्या लाईनवर सगळ्यांना ठाऊक आहे, नाकावर असतो. मला तिथे फौजदारीण म्हणतात, तोंडावर म्हणतात, मला काही वाटत नाही. मी पुढे झाले आणि आरसेवालीचं मनगट धरलं.

"बाई, तो रंग नाही."

आरसेवालीने हातातल्या फडक्याकडे बघितलं. फडकं पांढरंस्वच्छ होतं. इतका वेळ घासलं आणि त्यावर एक डाग नाही, हे तिला आत्ता दिसलं. बिचारी वाईट नव्हती हो. वर्षानुवर्षं बायकांच्या तोंडावरची पावडर पुसून तिला डोळ्याखालचं काळं दिसलं की काजळच आठवायचं. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनेही घासलंच असतं.

आमच्या कारखान्यात हार्ड डिस्क बनतात. तुम्ही कॉम्प्युटरमध्ये जे फोटो-बिटो साठवता ते सगळं आत एका गोल तबकडीवर लिहिलं जातं. आमची तबकडी काचेची, आरशासारखी. तिच्यावरून वाचणारं टोक इतकं खेटून फिरतं की मध्ये पावडरीचा एक कण आला तरी डिस्क मेली. म्हणून पावडर नाही, काजळ नाही, लिपस्टिक नाही. कपडे बदलायच्या खोलीत आरसा आहे, तिथे खुर्ची टाकून आरसेवाली बसते आणि प्रत्येकीचं तोंड तपासते. मग पांढरा सूट, हूड, मास्क, हातमोजे. आत गेलं की माणसाचे फक्त डोळे दिसतात. कोण कुठली ते आम्ही डोळ्यांवरून आणि चालण्यावरून ओळखतो.

हे सगळं धाकटीच्या नवऱ्यालाही माहीत होतं. तोही आमच्याच कारखान्यातला. दोन वर्षं त्याने तिला मारलं आणि दोन वर्षांत एकदाही तोंडाला हात लावला नाही. त्या दिवशी मी तिला कपाटांच्या मागे नेलं आणि बाह्या वर केल्या. पट्ट्याचे वळ होते, काही जुने पिवळे, काही ताजे. खांद्यावर सिगारेटचे गोल चटके होते. पाठ मी बघितली आणि पुन्हा झाकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. आदल्या रात्री त्याने फेकलेला तांब्या चुकून वर लागला, म्हणून मला कळलं. नाहीतर कधी कळलं असतं, तिला स्मशानात पोचवून आल्यावर?

"ताई, राहू दे ना," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत मी जेवले नाही. सरळ गिरणीवर गेले.

गिरणी म्हणजे आमचा क्रशर. तपासणीत नापास झालेल्या डिस्का इमारतीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये जातात, मशीनच्या तोंडात टाकायच्या की खालून चुरा पडतो. काच, पत्रा, सगळं एकत्र. ते चालवणारा हा धाकटीचा नवरा, म्हणून त्याला सगळे गिरणीवाला म्हणायचे. सगळ्यांचा लाडका. कोणाची ढकलगाडी अडकली तर हा पळत जाणार, कोणाला चहा हवा तर हा आणून देणार. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे हजर. माझ्या नवऱ्याला तर तो सख्ख्या भावासारखा वाटायचा. आमचे हे म्हणजे नाकासमोर चालणारे, त्यांना सगळीच माणसं चांगली वाटतात.

मशीन चालू होतं. त्याच्या डोळ्यांवर चष्मा, पापण्यांवर काचेची पांढरी भुकटी. मला बघून हसला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. तो तसाच हसत राहिला आणि त्याने माझं मनगट धरलं, कसं तर अगदी सावकाश, हस्तांदोलन करावं तसं. मग पिरगाळलं. मी वाकले. त्याने माझा हात मशीनच्या तोंडाकडे नेला. तोंडाला रबराच्या झडपा आहेत, त्या माझ्या बोटांना लागल्या आणि त्यांच्या मागे आतलं दातांचं फिरणं मला तळव्याला जाणवलं. तोंडाच्या पत्र्याच्या कडेत माझं मधलं बोट अडकलं, तो दाबत राहिला आणि नख मुळापासून उचकटलं. मी ओरडले, पण गिरणीच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

त्याने तोंड माझ्या कानाशी आणलं. "ताई, ती माझी बायको आहे. घरी पाठवा. नाहीतर मी येऊन घेऊन जाईन, आणि मग तुम्हाला पाठवायला काही उरणार नाही."

मग सोडलं. खाली वाकून चष्मा उचलला, पुसला, पुन्हा घातला आणि पुढची डिस्क टाकली.

रक्त गळणारं बोट घेऊन मी साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला की घरची भांडणं गेटच्या बाहेर ठेवा. मी बोट दाखवलं. तो म्हणाला की तुम्ही तिथे गेलातच कशाला, आणि तुमचा स्वभाव तर सगळ्यांना माहीत आहे. वर हेही म्हणाला की त्या मशीनवर टिकणारा माणूस मिळत नाही. पोलिसांनी लिहून घेतलं आणि आधी चार माणसांत बसून मिटवा असा सल्ला दिला. धन्य आहे बाबा सगळ्यांची.

लाईनवर पण काय वेगळं! आमच्यात एक रेडिओ आहे. तोंड म्हणून बंद नाही, मास्कच्या आतूनही चालू. तिची जागा अगदी दाराजवळ, येणारीजाणारी प्रत्येक बाई तिच्या तावडीतून जायची. ती मला म्हणाली की फौजदारीणबाई, घरोघरी मातीच्या चुली, माझा तरी कुठे संत लागून गेलाय, मी बोंबलते का? आणि हसली. बाकीच्याही हसल्या. मी तिला म्हटलं, तू गप्प बस, तुझी बॅटरी काढून ठेवीन. त्यावर ती आणखीच हसली.

धाकटीला मी त्याच दिवशी माझ्या घरी आणलं. आमच्या ह्यांनी पलंग तिला दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं. दाराला नवी कडी बसवली, जाडजूड, आणि बसवताना एकदाही विचारलं नाही की किती दिवस राहणार. पहिले काही दिवस ती भांड्याचा आवाज झाला तरी दचकायची. ह्यांचा हात नुसता वर गेला, फळीवरचा डबा काढायला, तरी ती डोकं खाली घ्यायची. ते बघून हे दोन्ही हात खिशात घालूनच घरात फिरायला लागले. मग हळूहळू ती नीट जेवायला लागली. एकदा ह्यांच्या त्या खिशातल्या हातांवरून हसली. एका सकाळी तिने स्वतः फोन लावला, माझ्यासमोर, आणि त्याला सांगितलं, "मी परत येणार नाही. मेले तरी नाही." फोन ठेवला आणि ती रडली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की मीच रडले.

तिला जिवंत ठेवायचं, एवढंच मला तेव्हापासून काम होतं. येताना बरोबर, जाताना बरोबर. गेटवर धातू पकडणारं यंत्र आहे, सुरी-बिरी आत येत नाही. क्लीनरूममध्ये तर गिरणीच्या माणसाला पाऊल टाकायची परवानगी नाही, सगळ्यांत मळकं खातं ते. मला वाटायचं की आमच्या पांढऱ्या खोलीत तरी ती सुरक्षित आहे.

तिथेच तो आला.

आमच्या खोलीत शिरायचं तर आधी एक काचेची अरुंद खोली लागते. तिला दोन दारं. बाहेरचं बंद झालं की कुलूप पडतं, चारी बाजूंनी जोराचा वारा सुटतो, सुटावरची धूळ उडवतो, आणि वारा थांबून हिरवा दिवा लागला की मगच आतलं दार उघडतं. तोवर कोणाच्या बापाला उघडत नाही. वारा चालू असताना आपण दोन्ही हात वर करायचे आणि सावकाश गोल फिरायचं, म्हणजे सगळीकडून धूळ निघते. हा नियम आहे. आम्ही तो झोपेतही पाळू.

चहाच्या सुट्टीनंतरची वेळ. धाकटी थोडी मागे राहिली होती, सुटाची चेन अडकली म्हणून. मी आत ट्रे तपासत होते. रेडिओ आपल्या जागी होती. ती मान वळवून म्हणाली, "बघा, धाकटी किती मनापासून फिरतेय. आणि तुम्ही लोक नुसत्या उभ्या राहता."

दोघीतिघींनी बघितलं. मीही बघितलं. काचेच्या खोलीत दोन पांढरे सूट होते. पुढच्याचे हात वर होते आणि तो सूट फिरत होता, वळत होता, पुन्हा वळत होता. आत वाऱ्याचा घोंघाट, बाहेर आवाज येत नाही. सगळ्यांना वाटलं नियम पाळतायत. दुसरं काय वाटणार? तिथे हात वर करून वळवळणाऱ्या बाया आम्ही रोज बघतो.

मग तिची पावलं दिसली. ती जमिनीला टेकलेली नव्हती.

तेवढ्यात एक हात काचेवर आपटला आणि घसरत खाली आला, आणि मागे लाल पट्टा राहिला. आमच्या खोलीत लाल काही नसतं. सगळं पांढरं आणि स्टीलचं. रेडिओ उठली, दाराशी गेली, दांडा ओढला. दार लागलेलं. आणि ती तिथेच थांबली, दिव्याकडे बघत, रोज थांबते तशी. हिरवा लागायची वाट बघत होती हो ती. तिच्या मागे आणखी दोघी जाऊन थांबल्या. बहिणीचं रक्त काचेवरून ओघळत होतं आणि या रांग लावून उभ्या!

मी धावले. त्या खोलीत कोणी धावत नाही, धावलं की धूळ उठते. दाराच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली एक लाल बटण आहे. ते दाबलं की दोन्ही दारांची कुलपं एकदम सुटतात, बाहेरची हवा आत शिरते आणि दिवसभराचा सगळा माल गिरणीत जातो. आग लागली तरच दाबायचं, नाहीतर नोकरी गेली समजा, असं साहेबाने प्रत्येकीला बजावलं होतं. मी झाकणावर मूठ घातली. झाकण फुटलं, बटण दाबलं गेलं, वारा बंद पडला. आणि मग मला तिचा आवाज ऐकू आला. आवाज म्हणजे नुसती घरघर.

दार उघडलं. त्याने मागून तिच्या गळ्याभोवती हात आवळून तिला उचललं होतं. दुसऱ्या हातात तबकडीचा तुकडा होता, काचेचा, लांब, एका टोकाला चिंधी गुंडाळलेला. आमचीच तबकडी, आमच्याच लाईनवरची, नापास झालेली. धाकटीने ती धार उजव्या हातात धरून ठेवली होती. गळ्यापासून लांब ठेवायला दुसरं तिच्याकडे काही नव्हतं. तो ओढत होता आणि ती सोडत नव्हती. हातमोजा फाटून लोंबत होता, आतली बोटं दिसत होती आणि त्या बोटांत पांढरं हाड दिसत होतं. सूट त्याने धुवायच्या ढिगातून उचलला होता, हे नंतर कळलं. त्याच्या हूडमधून फक्त डोळे दिसत होते, पापण्यांवर ती भुकटी. डोळे हसत नव्हते. पहिल्यांदाच मी त्याला न हसताना बघितलं.

मी स्टीलचं स्टूल उचललं आणि घातलं. पहिला फटका खांद्यावर गेला. त्याने धाकटीला टाकलं आणि माझ्यावर आला. काच माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत फिरली, सूट उघडला, कातडी उघडली. मला दुखलं नाही. दुसरा फटका मी त्याच्या गुडघ्यावर दिला आणि तो मोडल्याचा आवाज झाला. तो खाली बसला. तिसरा तोंडावर. मास्क आत गेला आणि दात बाहेर आले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चौथा घातला तेव्हा त्याच्या हातातून काच सुटली होती, मला दिसलं होतं सुटलेली, तरी घातला.

मग मी स्टूल टाकलं आणि धाकटीकडे वळले. तिचा हात माझ्या छातीशी दाबून धरला. गळ्यावर चीर होती, पण वरवरची. श्वास चालू होता. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिला सांगत होते की डोळे मिटायचे नाहीत, माझ्याकडे बघायचं, मिटलेस तर बघ.

आणि मागे स्टूलचा आवाज चालूच होता. मी वळून बघितलं तर रेडिओ. तिने स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ती त्याला मारत होती, तो हलत नव्हता तरी मारत होती, आणि दर फटक्याला एकच म्हणत होती, "परत उचलशील हात? परत उचलशील?" तिला आवरायला चौघी लागल्या. तिने त्यातल्या एकीलाही ढकललं. तिचा मास्क निघाला होता आणि तोंड इतकं वेगळं दिसत होतं की मला वाटलं, ही कोण बाई?

तो मेला नाही. जबडा तारेने बांधला, एक डोळा गेला, पाय आखूड झाला आणि आता तुरुंगात आहे. सुटेल तेव्हा बघू. मी आहे.

साहेबाने मला बोलावलं तेव्हा माझा हात टाक्यांनी शिवलेला होता. त्याने आधी मालाचं नुकसान सांगितलं, मग धाकटीची चौकशी केली. त्याच क्रमाने. टेबलावर मला काढून टाकल्याचा कागद होता. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कागद माझ्या बोलण्याने फाटला नाही. त्या पाळीला एकीनेही सूट चढवला नाही. सगळ्या आरशाच्या खोलीत जमिनीवर बसून राहिल्या, आरसेवालीसकट. रिकामी लाईन दुपारपर्यंत बघितल्यावर साहेबाने कागद फाडला.

धाकटी वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वळत नाहीत, चिमटा धरता येत नाही, म्हणजे लाईनवरचं काम संपलं. आरसेवाली दवाखान्यात आली होती. कितीतरी वेळ पलंगाशी बसली, त्या पट्टी बांधलेल्या हातावर हात ठेवून. नंतर तिने साहेबाला सांगितलं की माझ्याच्याने आता कोणाचं तोंड पुसवणार नाही, मला सूट धुवायला द्या आणि खुर्ची हिला द्या.

आता आरशाशी धाकटी बसते. डोळ्याखालचं काळं कधीच गेलं, गळ्यावरची रेघ राहिली. फडकं डाव्या हाताने धरते. पण आधी पुसत नाही. समोरचीच्या तोंडावर कुठे काही दिसलं तर त्या न वळणाऱ्या बोटांची मागची बाजू तिथे अलगद टेकवते आणि फक्त तिला ऐकू जाईल असं विचारते, "रंग की मार?" सुरुवातीला बायका हसल्या. मग सवय झाली. रंग, रंग, म्हणायच्या आणि तोंड पुढे करायच्या.

रेडिओ मात्र त्या दिवसापासून बंद होती. जागेवर यायची, काम करायची, जायची. कोणी छेडलं तरी बोलायची नाही. मला तिची बडबड आठवायची, आणि मला असं कधी वाटेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

परवा सकाळी ती रांगेत माझ्या पुढे होती. केस कानावर ओढून घेतले होते. धाकटीने केस बाजूला केले, बोट टेकवलं आणि विचारलं. रेडिओ म्हणाली, "रंग."

धाकटीने फडकं ओलं केलं आणि कानापासून गालापर्यंत एकदाच फिरवलं, अगदी हलक्या हाताने. मग ते उलटं करून तिच्यासमोर धरलं. पांढरंस्वच्छ. रेडिओ त्या फडक्याकडे बघत राहिली. मागे रांग उभी होती, कोणी घाई केली नाही.

"मार," रेडिओ म्हणाली.

धाकटीने फडकं घडी करून बाजूला ठेवलं आणि मला हाक मारली, "ताई."

मी एक पाय सुटात घातला होता. तो बाहेर काढला. साहेबाला सांगा आज लाईन उशिरा सुरू होईल, असं मी मागचीला म्हटलं, चपला घातल्या आणि रेडिओचा हात धरला.

"आत्ता घरी आहे का तो?"